‘देवाची योजना’ हे शब्द न वापरता दुःखाबद्दल बोलायचं कसं?

माळव्यातली_सून
मंडळी, जय ख्रिस्त आणि नमस्कार.

मी मूळची नगरची, लग्न होऊन इंदूरला आले. इथे आमच्या चर्चमध्ये उपासना हिंदीत होते, घरची प्रार्थना मात्र मराठीतच. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन अशी लांब उपासना असते आणि क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: क्रूसावर असताना येशू जे बोलला ते चार शुभवर्तमानांत (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांत) विखुरलेलं आहे, ते एकत्र करून क्रमाने त्यावर मनन करायचं. यंदा पाळकसाहेबांनी चौथा उद्गार माझ्या गळ्यात घातलाय. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ वेळ दहा मिनिटं.

एरवी मी जुन्या वह्या काढून काहीतरी जमवलं असतं. पण आमच्या मंडळीतल्या एका बाईंचा मुलगा दिवाळीच्या आधी डेंगीने गेला. पाचवीत होता. त्या दर रविवारी येतात, मागच्या बाकावर बसतात, प्रभुभोजन घेतात आणि कुणाशी न बोलता जातात. त्यांच्या घरी प्रार्थनेला गेलो होतो तेव्हा एक काका सगळ्यांसमोर म्हणाले, ‘देवाला बागेतलं सगळ्यात सुंदर फूल हवं होतं.’ दुसरे म्हणाले, ‘त्याची योजना असते, आपल्याला आत्ता कळत नाही.’ तिसऱ्या बाई म्हणाल्या, ‘देव झेपेल तेवढंच देतो.’ मी गप्प होते, पण माझ्याकडे तरी वेगळं काय होतं?

त्या बाई शुक्रवारी समोर असणार. ख्रिस्ती विश्वास दुःखाबद्दल नक्की काय सांगतो? सगळ्यांना पाठ असलेली उत्तरं नकोत. इतर धर्मांच्या, धर्म न मानणाऱ्यांनीही लिहा.

पोहेजिलेबी
पहिला नंबर माझा! विषय गंभीर आहे भिया, म्हणून आज शेव-कांदा बाजूला. एकच शंका: सात जण गुणिले दहा मिनिटं म्हणजे सत्तर. तीन तासांतले बाकीचे कुठे जातात?

माळव्यातली_सून
@पोहेजिलेबी, गाण्यांत. आणि दहा मिनिटं दिलेली माणसं दहा मिनिटांत थांबत नाहीत.

रेव्हरंडचा_नातू
ताई, आधी काय बोलू नये ते सांगतो, कारण त्याचा अनुभव दांडगा आहे. आजोबा पाळक होते, लहानपणी त्यांच्याबरोबर पुष्कळ मयतीच्या घरी गेलोय.

‘देव झेपेल तेवढंच देतो’ हे वाक्य पवित्र शास्त्रात नाही. लोक १ करिंथ १०:१३ कडे बोट दाखवतात, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राकडे. तो अध्याय उघडून वाचा. तिथे पौल मोहाबद्दल बोलतोय, मूर्तिपूजेपासून दूर पळा असं सांगतोय. मोहात पडायची वेळ आली तर देव बाहेर पडायची वाट ठेवतो, एवढंच म्हणणं. मूल गमावलेल्या आईचा तिथे काही संबंध नाही. आणि हाच पौल त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, पहिल्याच अध्यायात सांगतो की आशियात आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, जगण्याची आशाही उरली नव्हती. म्हणजे झेपेल त्याहून जास्त येतं, हे खुद्द पौल लिहून ठेवतो. हे वचन कुणाच्या मयतीत वाचलेलं मी ऐकलेलं नाही.

रोम ८:२८ चंही तसंच. ‘सर्व गोष्टी मिळून कल्याण होते’ हे खरं, पण त्याच्या थोडंसंच आधी, २२व्या वचनात, सबंध सृष्टी कण्हते आहे असं म्हटलंय आणि २६व्यात आत्मा स्वतः शब्दांवाचून कण्हतो असं. लोक कण्हणं ओलांडून थेट कल्याणावर उडी मारतात.

मूकवाचक
वरचा प्रतिसाद आवडला. वाचतेय.

निरीश्वर_नाना
बडोद्याहून. धर्म न मानणाऱ्यांनीही लिहा म्हणालात म्हणून धाडस करतो.

एपिक्युरसच्या नावावर सांगितला जाणारा जुना पेच आहे. देवाला दुःख थांबवायचंय पण जमत नाही, तर तो सर्वशक्तिमान नाही. जमतं पण थांबवायचं नाही, तर तो चांगला नाही. दोन्ही आहे, तर दुःख आलं कुठून? या प्रश्नाला मी आजवर समाधानकारक उत्तर ऐकलेलं नाही. माणसाला स्वातंत्र्य दिलंय म्हणून वाईट घडतं, हे खुनापुरतं चालेल. डेंगीच्या डासाला कसलं स्वातंत्र्य?

१ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बन शहरात भूकंप झाला. सर्व संतांचा सण होता, सकाळची वेळ, चर्च भरलेली. छतं भाविकांवर कोसळली, मागून समुद्राची लाट आली, मग आग. युरोपातल्या विचारवंतांनी ‘हे जग शक्य तितकं उत्तम आहे’ हा सिद्धांत त्यानंतर जवळजवळ टाकूनच दिला. अडीचशेहून जास्त वर्षं झाली, तुमचे काका अजून फूल आणि बाग करतायत.

त्या बाईंबद्दल मात्र मनापासून वाईट वाटलं.

शुभवर्तमान७७
सर्वांस सलाम. येथे भावनेच्या भरात शास्त्राचा अर्धा भाग बाजूला सारला जात आहे, म्हणून लिहितो.

मृत्यू जगात पापामुळे आला, हे रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट आहे. इब्री १२ सांगते की परमेश्वर ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिस्त लावतो. याकोब म्हणतो, परीक्षांमधून धीर उत्पन्न होतो. हे सर्व काढून टाकून ‘आम्हाला काही माहीत नाही’ असे व्यासपीठावरून सांगणे म्हणजे नम्रता नव्हे. पाळकाने उत्तर द्यावे म्हणूनच लोक चर्चमध्ये येतात. आणि निरीश्वर नाना, देव नाही असे धरले तर त्या बाईंच्या दुःखाला तुमच्याकडे काय आहे? डास चावला, विषय संपला?

निरीश्वर_नाना
@शुभवर्तमान७७, माझ्याकडे निदान दोषारोप नाही. डास चावला, प्लेटलेट्स उतरल्या, मूल गेलं. कुणी शिस्त लावत नव्हतं. मला हे जास्त दयाळू वाटतं.

चष्मिष्ट
शुभवर्तमान काका, येशूच्या वेळीही हीच चर्चा चालू होती. लूक १३. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा जण मेले. येशू लोकांनाच विचारतो, ते अठरा जण यरुशलेमेतल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. योहान ९ मध्ये जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्य विचारतात, पाप याने केलं की याच्या आईबापांनी? पुन्हा उत्तर, याने नाही आणि आईबापांनीही नाही.

माझं माहेर भोपाळचं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री कारखान्याच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला तेव्हा आई पोटुशी होती. आम्ही वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला राहायचो म्हणून वाचलो. घरी नातेवाईक म्हणायचे, ‘देवानं तुम्हाला राखलं.’ आई एकदाच चिडून म्हणाली होती, ‘मग कारखान्यासमोरच्या जयप्रकाश नगरच्या बायकांना का नाही राखलं?’ त्या बुरुजाबद्दल येशूने जे विचारलं तेच.

शुभवर्तमान७७
@चष्मिष्ट, लूक १३ पुढे वाचावे. ‘पश्चात्ताप केला नाही तर तुम्हा सर्वांचा तसाच नाश होईल’ हेही तेथेच आहे. आणि योहान ९ सांगताना योहान ५:१४ विसरू नये. अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला बरे केल्यावर प्रभू म्हणतो, आता पाप करू नकोस, नाहीतर याहून वाईट होईल. प्रत्येक दुःख पापाचे फळ नाही हे मान्य. कोणतेच नाही असे म्हणणे शास्त्राला धरून नाही.

चष्मिष्ट
मान्य काका. पण ते येशू त्या माणसाला एकट्याला गाठून म्हणाला, तेही बरं केल्यानंतर. आजारी असताना खाटेपाशी उभा राहून नाही.

पोहेजिलेबी
काका विरुद्ध चष्मिष्ट, सामना रंगात. पॉपकॉर्न नाही, गराडू घेऊन बसलोय.

अहिल्येचा_घाट
मी हिंदू, इंदूरचीच, रामबागेजवळची. आमच्याकडे अशा वेळी प्रारब्ध म्हणतात, भोग म्हणतात. तेही ऐकायला काही सोपं नसतं. माझ्या मावशीचा मुलगा गेला तेव्हा ‘मागच्या जन्मीचं देणं फिटलं’ असं सांगणाऱ्या बाईला मावशीने चहा न देता घालवलं होतं. तेव्हा ही खोड एका धर्माची नाही.

आपल्या गावात दुःखाचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ ला कुंभेरच्या वेढ्यात गेले. १७६६ ला मल्हारराव, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. उतारवयात नातू गेला, जावई गेला, आणि १७९१ मध्ये लेक मुक्ताबाई डोळ्यांदेखत सती गेली. बाईंनी हातापाया पडून अडवलं होतं. शाळेत आम्हाला घाट, विहिरी, मंदिरं, धर्मशाळा शिकवल्या, हे शिकवलं नाही. मला नेहमी वाटतं की महेश्वरला त्या रोज न्यायनिवाडा करायला बसत असतील तेव्हा कुणी त्यांना ‘देवाची योजना’ सांगायला धजलं असेल का.

ख्रिस्ती बाजूने पंडिता रमाबाईंचं आयुष्य मी वाचलंय. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील, बहीण उपासमारीने गेली. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने, आणि १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत त्या स्वतः गेल्या. शेवटपर्यंत बायबलचं मराठी भाषांतर तपासत होत्या. हे लोक दुःखाचं काय करतात, ते मला त्यांच्या प्रवचनांपेक्षा तिथे जास्त दिसलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडून त्यांनी उपाशी मुली गोळा करून आणल्या. ज्या भुकेने घर खाल्लं, त्याच भुकेच्या मागे गेल्या.

काडीपेटी
आणून काय केलं तेही लिहा ना. दुष्काळ म्हणजे मिशनऱ्यांची सुगी. माळव्यातही छप्पनियाच्या (१८९९-१९०० च्या दुष्काळाच्या) काळात कॅनडाच्या मिशनऱ्यांनी अनाथ पोरं गोळा केली, ती पुढे कोण झाली?

अहिल्येचा_घाट
@काडीपेटी, जिवंत झाली. बाकीच्यावर वेगळा धागा काढा, मीच येईन वाद घालायला.

संपादक
धर्मांतराची चर्चा इथे थांबवावी. पुढचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. मूळ प्रश्न दुःखाबद्दल आहे.

वसईवाला
आम्ही कॅथलिक, आमची थोडी वेगळी तऱ्हा. आजी गुडघे दुखले की म्हणायची, ‘हे दुःख मी तुझ्या दुःखात मिळवते.’ कलस्सै १:२४ वर हे उभं आहे, ख्रिस्ताच्या क्लेशांत जे उणं राहिलं ते मी माझ्या देहात भरून काढतो, असं पौल म्हणतो. पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर १९८१ च्या मे महिन्यात गोळीबार झाला, त्यातून उठल्यावर १९८४ मध्ये त्यांनी याच विषयावर एक लांब पत्र लिहिलं. सारांश असा की दुःख वाया जात नाही, ते कुणासाठी तरी देता येतं. प्रॉटेस्टंट मित्रांना हे पटत नाही, माहितेय. क्रूसावर सगळं पुरं झालं, आता उणं काय राहिलं, असं ते विचारतात.

तुमच्या इंदूरचंच उदाहरण देतो. सिस्टर राणी मारिया. मूळच्या केरळच्या, देवास जिल्ह्यात उदयनगरला आदिवासींमध्ये काम. सावकारांच्या कचाट्यातून लोकांना सोडवायला लागल्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये भर प्रवाशांसमोर त्यांना भोसकून मारलं. त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टर, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधून आली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी सही दिली, २००६ मध्ये तो सुटला. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंदुरातच सिस्टरना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

मी तिथे नेऊन ठेवीन तो चौथा उद्गार. त्या बसमध्ये कुणी मधे पडलं नाही.

गौरी_फतेहगंज
वसईवाले, उदाहरण मोठं आहे, पण एक गोष्ट सुटतेय. सिस्टरनी धोका माहीत असून ते काम घेतलं. ‘आपला क्रूस उचलून माझ्यामागे ये’ याचा अर्थ तो आहे. डेंगी कुणी उचलत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत घातल्या की फार वाईट परिणाम होतात, आणि तो परिणाम बहुतेक वेळा बायकांवर होतो.

माझ्या आत्याचा नवरा मारायचा. दारू प्यायला की हातात येईल त्याने. तिने चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना सांगितलं. उत्तर मिळालं, ‘हा तुझा क्रूस आहे मुली, प्रार्थना कर, तुझ्या सहनशीलतेने तो बदलेल.’ कित्येक वर्षं तिने तसंच केलं. येशूला मारणाऱ्यांचं कौतुक शास्त्रात कुठे आहे? येशूला क्रूसावर धाडणाऱ्या पिलाताने हात धुतले म्हणून तो निर्दोष झाला? शेवटी आत्या बडोद्याला आमच्याकडे राहायला आली. तेव्हा माझे वडील, जे फारसे धार्मिक नव्हते, एवढंच म्हणाले की आपल्या लोकांना मिसरच्या गुलामीतून बाहेर काढणारा देव तुला मिसरातच राहा कसं सांगेल?

तर ताई, दहा मिनिटांत एक वाक्य यासाठीही ठेवा. दुःख सहन करण्याचं कौतुक करताना समोर कोण बसलंय ते आपल्याला ठाऊक नसतं.

मूकवाचक
गौरी, तुझा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. एवढंच लिहिते.

वसईवाला
@गौरी, मान्य. आजीनेही गुडघ्यावर तेल चोळलंच होतं, नुसतं अर्पण करून ती बसली नव्हती.

डॉ_कडूगोळी
हा धागा मी ड्यूटी संपल्यावर वाचतोय. मी वेदनाशमनात काम करतो, म्हणजे ज्यांचा आजार बरा होणार नाही त्यांचं दुखणं कमी करायचं.

वेदना पवित्र आहे असं समजून औषध नाकारणारे रुग्ण मला भेटलेत, सगळ्या धर्मांतले. एका ख्रिस्ती आजोबांना कर्करोग हाडांत गेला होता. मॉर्फिन घ्यायला तयार नव्हते, प्रभूने क्रूसावर आंब (आंबलेला द्राक्षारस) घेतली नाही म्हणायचे. मी ख्रिस्ती नाही, पण शुभवर्तमान वाचलंय. त्यांना म्हटलं, आजोबा, पहिल्यांदा बोळमिश्रित द्राक्षारस दिला तो नाकारला, शेवटी आंब दिली ती घेतली, योहानात आहे. त्यांनी मुलाकडून वाचून खात्री केली, मग गोळी घेतली.

आधुनिक हॉस्पिसची, म्हणजे अशा रुग्णांच्या शुश्रूषागृहाची, सुरुवात करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं. त्यांचं म्हणणं असं की वेदना शरीराची, मनाची, घरच्या विवंचनेची आणि आत्म्याची एकत्रच असते, आणि मॉर्फिन ठरलेल्या वेळी द्यायचं, रुग्ण कळवळण्याची वाट बघायची नाही. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झालं, तेही ख्रिस्ती प्रेरणेतून. अंमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानंतर मॉर्फिन ठेवणं कागदोपत्री जरा सोपं झालं. ‘का’ याचं उत्तर यांपैकी कुणाकडे नव्हतं, तरी कामं झाली.

आणि एक. तुम्ही सगळे त्या आईला काय सांगायचं ते ठरवताय. तिला कुणी विचारलंय का?

निरीश्वर_नाना
डॉक्टर, शेवटचं वाक्य या धाग्यावरचं सगळ्यात कामाचं.

रेव्हरंडचा_नातू
आता मूळ विषयाकडे, ईयोबाच्या दारातून. ईयोब म्हणजे बायबलमधला तो भला माणूस, ज्याची गुरं, दहा मुलं आणि तब्येत, सगळं गेलं.

अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र बदनाम आहेत, पण आधी त्यांनी एक गोष्ट बरोबर केली. ते आले, लांबूनच त्याची अवस्था पाहून रडले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. कुणी एक शब्द बोललं नाही. मग ईयोबानेच तोंड उघडलं, आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, आणि या तिघांना राहवेना. वीसेक अध्याय ते त्याला समजावतात. तू काहीतरी केलं असशील. तुझ्या मुलांनी केलं असेल. देव न्यायी आहे, कबूल कर. शुभवर्तमान काका रागावतील, पण या तिघांची वाक्यं सुटी वाचली तर धर्माला धरूनच आहेत. आणि शेवटी देव म्हणतो काय? अलीफजाला म्हणतो, माझा राग तुम्हा तिघांवर भडकलाय, ईयोब माझ्याविषयी बरोबर बोलला, तुम्ही नाही. ईयोब, ज्याने देवाला कोर्टात खेचायची भाषा केली!

ईयोबाला कारण सांगितलं जात नाही. सैतान आणि देवाचं जे बोलणं पहिल्या दोन अध्यायांत आपण वाचतो, ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

चष्मिष्ट
आणि शेवटी त्याला पुन्हा सात मुलगे, तीन मुली होतात. हा भाग मला कधीच पचला नाही. आधीची दहा गेली त्यांचं काय? गुरं दुप्पट मिळाली हे ठीक, मुलं अशी भरून देतात का?

रेव्हरंडचा_नातू
@चष्मिष्ट, आजोबा यावर म्हणायचे की गुरं दुप्पट दिली, मुलं तेवढीच दिली, कारण पहिली दहा अजून त्याचीच होती. ही त्यांची समजूत, शास्त्रात लिहिलेलं नाही. मला पटते की नाही ते वयानुसार बदलतं.

दोन_घास
आमच्याकडे चंगाई सभावाले (प्रार्थनेने आजार बरा करतो म्हणणारे) आले होते. भावजयीला डायलिसिस चालू. विश्वास असेल तर मशीन सोड म्हणाले. तिने सोडलं नाही, तर ‘विश्वास कमी पडला’. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली, उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरेशी आहे. काटा राहिला. पौलाचा विश्वास कमी होता का?

शुभवर्तमान७७
@दोन_घास, याबाबत आपल्याशी शंभर टक्के सहमत. डायलिसिस सोडायला सांगणारा देवाचा सेवक नव्हे.

पोहेजिलेबी
काका सहमत झाले! आज ५६ दुकानावर माझ्यातर्फे सगळ्यांना हॉट डॉग.

माळव्यातली_सून
सगळ्यांचं सगळं वाचलं, काही दोनदा. डॉक्टरांच्या प्रश्नाने झोप उडवली, म्हणून काल संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. शिकरण करून नेलं होतं, मुलगी खाते म्हणून. धाकटी आहे त्यांना.

मी सरळ सांगितलं की चौथा उद्गार माझ्याकडे आहे आणि तुम्ही समोर असणार म्हणून भीती वाटते. त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘माझं नाव घेऊ नका, माझ्याकडे बघू नका, आणि फुलाचं कुणी काढलं तर मी उठून जाईन.’ मग म्हणाल्या, ‘येशू रडला हे वचन आहे ना, त्याचा मित्र लाजर मेला त्या वेळचं? त्याला उठवणार हे माहीत होतं तरी रडला. ते मला चालतं.’ नंतर बराच वेळ डेंगीच्या फवारणीबद्दल बोलत होत्या, नगरपालिकेचे लोक मुलगा गेल्यावर आले म्हणून.

तर माझं असं ठरतंय. मत्तय आणि मार्क यांत क्रूसावरचा हा एकच उद्गार आहे, बाकी सहा इतरत्र आहेत. त्यामुळे तो हलका करायचा नाही. दुपारी बारापासून तीनपर्यंत अंधार, आणि मग ही आरोळी. उभे असलेल्यांना वाटलं तो एलीया संदेष्ट्याला बोलावतोय, म्हणजे ऐकणाऱ्यांनी तेव्हाही चुकीचंच ऐकलं. वरून उत्तर आलं नाही. देवाच्या पुत्राने ‘का’ विचारलं, तर आपल्या मंडळीत कुणी विचारलं म्हणून त्याला गप्प करायचं नाही. मग ईयोबाचे मित्र, सात दिवसांपर्यंतचे. मग पौलाचं ते ‘शक्तीपलीकडे’. गौरीसाठी एक वाक्य ठेवलंय, सहन करणं आणि मार खाणं यावर. सिस्टर राणी मारियांचं ठेवलं नाही, दहा मिनिटांत त्यांना न्याय देता येणार नाही.

नाना, तुमच्या पेचाला माझ्याकडे उत्तर नाही. तो तसाच ठेवून मी विश्वास ठेवते, हे तुम्हाला विचित्र वाटेल.

निरीश्वर_नाना
वाटतं. पण बागेतल्या फुलापेक्षा हे ऐकायला मी येऊन बसलो असतो. फवारणीचं मात्र भाषणात नाही तरी पालिकेत लिहून द्या, पावसाळ्याच्या आधी.

माळव्यातली_सून
@नाना, अर्ज लिहिलाय. सोमवारी देतोय, चर्चच्या लेटरहेडवर.

शुभवर्तमान७७
आपला आराखडा वाचला. माझे मतभेद कायम आहेत. चौथ्या उद्गारावर थांबून खाली उतरू नये, पुनरुत्थानाचे एक तरी वाक्य असावे, अन्यथा ऐकणारा अंधारातच घरी जातो.

माळव्यातली_सून
काका, माझ्यामागून तिघे बोलणार आहेत. आणि रविवार आहेच. शुक्रवारीच रविवार उरकून टाकायची आपल्याला फार घाई असते असं मला वाटतं.

शुभवर्तमान७७
तसे असेल तर एक व्यवहाराची सूचना करतो. हा उद्गार २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. ते स्तोत्र वाचून घ्यावे. १ ते २१ वचने विलापाची आहेत, ती आपण वाचा. २२व्या वचनापासून स्तुती सुरू होते, ती दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या, आपल्यानंतर, थोडे थांबून. म्हणजे आपल्यालाही घाई करावी लागणार नाही आणि माझ्या मनाचेही समाधान होईल.

रेव्हरंडचा_नातू
काका, हे उत्तम. आजोबांनी ऐकलं असतं तर तुम्हाला चहा पाजला असता.

माळव्यातली_सून
काका, हे करते. २२ पासूनची वचनं पाचव्या उद्गारवाल्या अंकलना देते. ते आनंदाने घेतील, ‘मला तहान लागली आहे’ यावर दहा मिनिटं काय बोलायचं म्हणून ते गेला आठवडाभर मला फोन करतायत.